बावीस फूट एक इंच

पिजन फोर्कच्या खोऱ्यात वेल्डा ऑर्नडॉफच्या शब्दापेक्षा तिच्या टेपवर लोकांचा अधिक भरवसा होता, आणि वेल्डाला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. शब्द माणसाच्या तोंडून येतो. माणूस दमतो, रागावतो, लेकराकडं झुकतो. टेप पोलादाची होती. ती कुणाची आई नव्हती.

तिचा नवरा ऑरिन खोऱ्यातल्या विहिरी खणायचा. तो गेला तेव्हा मागं राहिला एक जुना ट्रक, भिंतीला टेकवलेल्या पहारी आणि शंभर फुटांची ती टेप. ट्रक विकला, पहारी गंजल्या, टेप वेल्डानं उचलली. आठवडाभर ती शाळेची बस चालवायची आणि शनिवारी सकाळी, कॉफीचा पहिला कप संपला की, अंगणातल्या विहिरीचं पाणी मोजायची. टेपच्या टोकाकडच्या पाच-सहा फुटांना सुताराचा निळा खडू चोळायचा. टेप हलक्या हातानं आत सोडायची, काठावरच्या चपट्या दगडाशी पुरा फूट जुळवून धरायचा आणि मग वर ओढायची. बुडालेला खडू काळपट होतो. कोरडा निळा संपून ओला काळा जिथं सुरू होतो ती रेघ वाचायची, वजाबाकी करायची, वहीत लिहायचं. एकोणीस वर्षं हेच. बर्फात, तापात, थोरल्या बहिणीला पुरलं त्या सकाळीसुद्धा. पाणी काठाखाली बावीस फुटांवर असायचं. ओल्या साली चार बोटं वर, कोरड्या साली चार बोटं खाली.

एकदा तिच्या सख्ख्या दिरानं आपली जमीन विकायला काढली. घेणारा शहरातला होता. दिरानं वेल्डाला बोलावून विहीर मोजायला लावली आणि डोळ्यानं खूण केली. वेल्डानं टेप वर ओढली आणि घेणाऱ्यासमोर मोठ्यानं वाचलं, "तळाशी सात इंच पाणी. तेही कालच्या पावसाचं." दीर सहा वर्षं नाताळच्या जेवणाला आला नाही. वेल्डा दर नाताळला त्याचं ताट मांडायची आणि जेवण झालं की उचलून ठेवायची. आकडा मात्र तिनं कधी बदलला नाही.

अशी बाई. आणि तिच्याच टेपनं तिला दगा दिला, किंवा तिनं टेपला. खोऱ्यात अजून त्यावर वाद होतात.

अठ्ठ्याण्णव सालच्या ऑगस्टात कोळसा कापणारं यंत्र तिच्या घराखाली आलं. सहाशे फूट खाली, हजार फूट रुंदीचा पट्टाच्या पट्टा कापत, मागचं छत पाडत ते पुढं सरकत होतं. दोन पट्ट्यांच्या मध्ये कोळशाची जाड भिंत तशीच राखायची, अशी तिथली रीत. वेल्डाचं घर, विहीर, पावसाच्या पाण्याचं टाकं, सगळं पट्ट्यावर. शेजारच्या डेन्झिल टस्टिनचा मेंढवाडा आणि त्याच्या खालचा झरा त्या राखलेल्या भिंतीवर. वेल्डाचा मुलगा कर्टिस त्याच यंत्रावर रात्रपाळीला होता. आईच्या चुलीखालून तो कोळसा काढत होता आणि सकाळी त्याच चुलीवरची अंडी खात होता. कंपनीनं घराला पोलादी तारा आवळल्या, धुराडं उतरवलं. जमीन बसली. दारं अडकली, चिनीमातीच्या दोन बशा फुटल्या, आणि दहा दिवसांनी दारं पुन्हा नीट लागायला लागली. वेल्डाला वाटलं, सुटलो.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात डेन्झिलचा झरा आटला.

हा झरा त्याच्या पणजोबानं दगडात बांधून घेतला होता. तो कधी थांबल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. आधी मनगटाएवढी धार होती, ती बोटाएवढी झाली, मग दोऱ्याएवढी, आणि एका मंगळवारी दगडावर नुसती ओल उरली. डेन्झिलची चाळीस गुरं, साठ मेंढ्या. कंपनीनं कायद्यापुरती एक मोठी प्लास्टिकची टाकी आणून ठेवली. तिला खोऱ्यात सगळे म्हैस म्हणतात. दर दोन दिवसांनी ट्रक येऊन ती भरायचा. पण ही म्हैस कायमची नव्हती. झरा खाणीमुळं गेला असं ठरलं तर कंपनी जन्मभर पाणी देणार. नाही ठरलं तर म्हैस उचलून नेणार, आणि डेन्झिलला थंडीआधी गुरं बाजारात उभी करावी लागणार.

कंपनीचा रँकिन नावाचा माणूस म्हणाला, "झऱ्याचा गळा बुजलाय. मुळं शिरली असतील, गाळ बसला असेल. मालकानं स्वतःच्या खर्चानं साफ करावा." सरकारचा अधिकारी प्रॉब्स्ट सावध होता. त्यानं विचारलं, "खाण येण्याआधीचं आणि नंतरचं, दोन्ही मोजमाप कुणाकडं आहे?"

सगळ्या खोऱ्यात ते एकाच बाईकडं होतं.

वेल्डानं त्यांच्यासमोर टेप सोडली. बावीस फूट एक इंच. प्रॉब्स्टनं वही चाळली. आधीच्या ऑक्टोबरात बावीस फूट. त्याच्या आधी बावीस फूट दोन इंच. रँकिननं वेल्डाचे आभार मानले, तेही अगदी मनापासून. प्रॉब्स्टनं कागद पुढं केला आणि वेल्डानं सही केली. पाणी जिथं होतं तिथंच आहे. जमिनीखालचं पाणी खाणीनं हलवलंच नाही, तर झरा खाणीमुळं कसा आटेल?

त्या रविवारी चर्चमध्ये डेन्झिल तिच्या बाकावरून उठून मागच्या बाकावर जाऊन बसला. बाहेर पायरीवर तो तिला म्हणाला, "पोरगा खाली कोळसा कापतो, आई वर पाणी मोजते. घरातल्या घरात चांगलं जमवलंत."

"मी दिसलं ते वाचलं, डेन्झिल."

"वाच की. माझी गुरं विकली जातील तेव्हा तेही मोठ्यानं वाच."

ऑरिन आणि डेन्झिल एका वर्गात शिकले होते. ऑरिनच्या शवपेटीला डेन्झिलनं खांदा दिला होता. वेल्डा घरी आली, वही उघडली, मिटली. तिला डेन्झिलपेक्षा त्या आकड्याचा राग येत होता. तो खोटा नव्हता, आणि तरी तिला तो पटत नव्हता. त्या आठवड्यात तिनं रोज मोजलं. रोज बावीस फूट एक इंच.

शेवटची पाहणी गुरुवारी दुपारी दोनला ठरली होती. त्याच संध्याकाळी म्हैस उचलायची, असं रँकिन पेट्रोल पंपावर कुणालातरी बोलून गेला होता.

गुरुवारी पाहणीसाठी बसची सुट्टी घेतलेली वेल्डा सकाळी सातला टाक्यापाशी गेली. पंचवीस वर्षांपूर्वी ऑरिन आणि डेन्झिलनं या टाक्यापासून मेंढवाड्याच्या डोणीपर्यंत सहाशे फूट काळा पाइप पुरला होता. मेंढ्या विताना पाणी हाताशी असावं म्हणून. सहाशे फुटांत एक फूट उतार. दोघांनी तो उतार इतका नेमका काढला होता की टाक्याच्या तळाशी असलेला कॉक उघडला की पाणी आपल्या पायानं चालत जायचं आणि डोणीच्या बुडातून वर यायचं. मार्चमध्येच तिनं तो उघडला होता. टाक्यात आता पाणी थोडंच होतं, काठी घातली तर अकरा इंच भिजली. तिनं सगळा कॉक उघडला. तोंडानं बोलता येत नव्हतं, म्हणून पाण्याकरवी निरोप धाडला म्हणा. मग ती घरात जाऊन मक्याची भाकरी भाजत बसली.

साडेआठला डेन्झिल कुंपण ओलांडून आला. त्याच्या हातात रिकामी बादली होती आणि तोंड लाल झालं होतं.

"वेल्डा. बाहेर ये."

ती दारात आली.

"आकड्यानं भागलं नाही म्हणून आता पाणीही पळवायला लागलीस?"

"कसलं पाणी?"

"डोणीतलं. काल संध्याकाळी म्हशीतनं काठोकाठ भरली होती. आता ठणठणीत. आणि बुडातनं गुळगुळ आवाज येतोय, कुणी नळी लावून ओढल्यासारखा."

"वेडा झालास का? मी तुला पाणी दिलंय. सातला कॉक उघडला."

"दिलंस? डोणीत थेंब नाही आणि म्हणे दिलंस."

वेल्डा टाक्यापाशी गेली, झाकण सरकवलं, काठी घातली. काठी वर काढून बघितली, आणि पुन्हा घातली. डेन्झिल मागं येऊन उभा राहिला.

"सातला अकरा इंच होतं," ती म्हणाली. "आता सतरा."

"पाऊस?"

"आभाळाकडं बघ."

आभाळ निरभ्र होतं. दोघं टाक्यात वाकून बघत राहिले. तळाशी, पाइपच्या तोंडापाशी, पाणी आत येताना दिसत होतं. त्याबरोबर डोणीतली पेंढ्याची एक वाळकी काडीही तरंगत आली, आणि डेन्झिलनं ती बोटानं उचलली.

"चढावर कसं येईल पाणी?" तो म्हणाला. त्याच्या आवाजातला राग आता पातळ झाला होता.

वेल्डा विहिरीच्या काठावर बसली. बसल्या बसल्या तिनं त्या चपट्या दगडावर तळहात ठेवला, आणि चटका बसावा तसा उचलला. एकोणीस वर्षं याच दगडाला तिनं टेप लावली होती. पाणी खाली गेलं की वर आलं हे तिनं दर शनिवारी विचारलं होतं. दगड कुठं आहे हे एकदाही विचारलं नव्हतं.

"डेन्झिल," ती म्हणाली, "पाणी चढावर आलेलं नाही. माझं अंगण खाली गेलंय. घर, टाकं, विहीर, झाडं, सगळं एकदम. तुझी डोणी आहे तिथंच आहे. नावेत बसलेल्याला नाव किती बुडाली ते कसं दिसावं?"

"बरं, मग?"

"मग काय? काठ खाली गेला आणि पाणी काठापासून तेवढंच लांब आहे. म्हणजे पाणीही खाली गेलं. मी सही केली ती चूक आहे."

डेन्झिलनं हातातली बादली खाली ठेवली. मग म्हणाला, "किती?"

तोच तर प्रश्न होता. किती ते सांगता आलं नाही तर दुपारी दोनला तिच्याकडं पेंढ्याची एक काडी आणि एक भिजलेली काठी, रँकिनकडं तिची सही.

डेन्झिलकडं मेपलचा रस गोळा करायच्या पारदर्शक नळीच्या दोन मोठ्या गुंडाळ्या होत्या. जुने लोक धान्याच्या कोठाराचा पाया समपातळीत आणायला अशी नळी वापरत. नळीत पाणी भरलं की दोन्ही टोकांना ते एकाच उंचीवर उभं राहतं, मध्ये टेकडी असो की खड्डा. दोन गुंडाळ्या जोडून ती टाक्यापासून डोणीपर्यंत पुरणार होती. पण मध्ये हवेचा एक बुडबुडा राहिला तर सगळं खोटं. आणि सहाशे फुटांवर दोन म्हातारी माणसं, एक इकडं, एक तिकडं. मध्ये चालत बुडबुडे झटकायला तिसरं माणूस हवं.

कर्टिस नुकताच पाळीवरून येऊन झोपला होता. वेल्डानं त्याला उठवलं आणि पलंगाच्या कडेला बसून सगळं सांगितलं. तो डोळे चोळत ऐकत होता. पापण्यांच्या कडांना कोळशाची रेघ तशीच होती.

"आई, सात फूट कोळसा काढतो आम्ही. वरची जमीन बसणार हे शेंबड्या पोरालाही कळतं. तू तुझ्या टेपचं कसं विसरलीस?"

"तू का नाही आठवण केलीस?"

त्यानं पांघरूण बाजूला सारलं. मग म्हणाला, "मला वाटलं, तू मोजतेस म्हणजे बरोबरच असेल."

"चल, नळी धर."

"फोरमनला कळलं की मी कंपनीविरुद्ध नळी धरली, तर?"

"तू कुणाविरुद्ध धरत नाहीस. तू सरळ धर, एवढंच."

तो पायात बूट घालू लागला. घालताना म्हणाला, "डेन्झिल मला शिव्या घालणार."

"घालू दे. तुझ्या कमाईत त्याही बसतात."

दहा वाजता नळी पसरली. पहिल्यांदा बुडबुडे निघता निघेनात. कर्टिस गुडघ्यावर सरकत, बोटानं टिचक्या मारत सहाशे फूट गेला आणि पुन्हा आला. पहिल्या मापात आणि दुसऱ्या मापात पाच इंचांचा फरक पडला. डेन्झिल तिकडून ओरडला, "हे काय मोजमाप आहे का टिंगल?" वेल्डानं सगळी नळी रिकामी करायला लावली आणि उन्हात तापवलेलं पाणी भरलं. तापलेल्या पाण्यात हवा कमी राहते हे तिला ऑरिननं शिकवलं होतं. तिसरं माप आणि चौथं माप अर्ध्या इंचात आलं. पूर्वी टाकं डोणीहून एक फूट उंच होतं. आता डोणी टाक्याहून दोन फूट नऊ इंच उंच होती.

तीन फूट नऊ इंच.

मग तीच नळी टप्प्याटप्प्यानं उतारावरून झऱ्याच्या तोंडापर्यंत नेली. विहिरीतलं पाणी आणि झऱ्याचं तोंड यांची उंची ताडून पाहिली. वेल्डानं आकडे तीनदा लिहिले, तीनदा वजा केले. विहिरीतलं पाणी आता झऱ्याच्या तोंडाखाली एक फूट नऊ इंचांवर होतं. पूर्वी ते तोंडाच्या वर दोन फूट होतं, म्हणून झरा वाहायचा.

प्रॉब्स्ट आणि रँकिन दोनला दहा मिनिटं असताना आले. वेल्डानं ना कॉफी विचारली, ना खुर्ची. अंगणातच उभ्या उभ्या तिनं सांगितलं. रँकिन नळीकडं बघून हसला, पण वाईट नाही हसला.

"मिसेस ऑर्नडॉफ, हे सरबत प्यायचं साधन आहे, मोजायचं नाही."

"खरंय."

"आणि आमच्याकडं तुमची सही आहे. तुम्ही स्वतः लिहून दिलंय."

"लिहून दिलंय. आकडा बरोबर होता. कुठून मोजला ते चुकलं. ती चूक माझी, नळीची नाही." तिनं हात पुढं केला. "मिस्टर रँकिन, तुमच्या पेटीत नकाशे आहेत. माझं अंगण किती खाली गेलं ते तुमच्या लोकांनी यंत्र लावून मोजलंच असेल. काढा."

रँकिननं प्रॉब्स्टकडं बघितलं. प्रॉब्स्टनं त्याच्याकडं बघितलं. कर्टिस कुंपणाला टेकून उभा होता. डेन्झिलनं टोपी काढून हातात घेतली होती. रस्त्यानं कोळशाचा एक ट्रक गेला. मग रँकिननं पेटी गाडीच्या बॉनेटवर ठेवली, एक नकाशा उलगडला, बोट फिरवत फिरवत थांबवलं.

"तीन फूट दहा इंच," तो म्हणाला. "हा कागद दुसऱ्या विभागाचा आहे. आम्ही दोन्ही एकत्र बघितलेच नव्हते."

बघितले होते की नव्हते, ते त्यालाच माहीत. वेल्डानं ते विचारलं नाही.

प्रॉब्स्टनं लेखणी काढली. "म्हणजे खाणीनं झरा आटवला, असं लिहू?"

डेन्झिल एक पाऊल पुढं आला. "लिहा."

"नाही," वेल्डा म्हणाली.

"वेल्डा," डेन्झिल म्हणाला. एवढंच. पण त्या एका हाकेत सहा आठवड्यांचं सगळं होतं.

"मी मोजलं तेवढंच लिहायचं. जमीन इतकी खाली गेली. विहिरीतलं पाणी इतकं खाली गेलं. झऱ्याचं तोंड आता पाण्याच्या वर राहिलंय. पाणी जमिनीबरोबर उतरलं की खाली फुटलेल्या दगडात गळतंय, पुढच्या वसंतात वर येईल की आणखी जाईल, हे मला ठाऊक नाही. तुम्हालाही नाही, आणि यांनाही नाही. पण झऱ्याचा गळा बुजला म्हणणं खोटं आहे. ते खोडा."

प्रॉब्स्टनं लिहिलं. मग तिची वही मागितली. वेल्डानं स्वतःच उघडली आणि ऑगस्टच्या बाविसाव्या तारखेखाली शाईनं आडवी रेघ मारून लिहिलं की इथून पुढचे माझे सगळे आकडे धरू नयेत, काठ स्वतः खाली गेला आहे, हे माझ्या लक्षात आलं नाही. खाली सही केली. अक्षर नेहमीपेक्षा थोडं मोठं आलं. कर्टिस दुसरीकडं बघत होता.

"टाकी हलवायची नाही," प्रॉब्स्ट रँकिनला म्हणाला. "खात्याचा माणूस नीट यंत्र घेऊन येईल. वसंतापर्यंत मोजू. तोवर पाणी तुम्हीच भरायचं." आणि डेन्झिलकडं वळून म्हणाला, "तोवर झऱ्याला हात लावायचा नाही. फावडं घातलंत तर गळा कुणी मोडला, हे पुन्हा सांगता येणार नाही."

गाड्या गेल्या. कर्टिस झोपायला गेला, त्याला रात्री पुन्हा खाली उतरायचं होतं. डेन्झिल उतारावरून झऱ्याकडं निघाला. त्याची चाल वेल्डानं ओळखली. ती वहीसकट त्याच्या मागून गेली.

झऱ्याच्या बांधणीशी एक फावडं टेकवलेलं होतं. त्याचं पातं नवीन घासलेलं होतं. डेन्झिल त्याच्यापाशी थांबला.

"एक फूट नऊ इंच," तो म्हणाला. "माझ्या मांडीएवढं. संध्याकाळपर्यंत खणून होईल, आणि खाली पाणी आहे."

"आहे."

"पणजोबानं असंच खणून काढलं होतं."

"त्याच्याखाली यंत्र नव्हतं."

गुरं वरच्या कुरणातून सवयीनं खाली येत होती. पुढची एक लाल गाय झऱ्याच्या कोरड्या दगडापाशी आली, तोंड लावलं, हुंगलं आणि तिथंच उभी राहिली. डेन्झिलचा हात फावड्याच्या दांड्यावर होता. वेल्डा बांधणीच्या दगडावर बसली, अगदी त्याला खणायचं होतं त्याच जागी, आणि स्कर्ट नीट केला.

"ऊठ, वेल्डा."

"मला कुठं जायचं नाही. जेवण झालंय."

त्यानं तिच्याकडं बघितलं. ती बघत होती गाईकडं. बऱ्याच वेळानं त्यानं फावडं उचललं, खांद्यावर टाकलं आणि गुरांना हाकारत वर, म्हशीकडं घेऊन निघाला. सगळी गुरं कुंपणापलीकडं जाईपर्यंत ती त्या दगडावर बसून राहिली.